पत्त्याचे शिल्पकार : कै. श्रीराम भिकाजी वेलणकर

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे बहुधा रणांगणें, सिंहासनें, तुरुंग किंवा प्रयोगशाळा हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज ज्या गृहस्थांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगणार आहोंत, त्यांच्या आयुष्यांत असें देखाव्याचें कांहींच घडलें नाहीं. त्यांनीं कोणतें राज्य जिंकलें नाहीं कीं कोणता नवा तारा शोधला नाहीं. सरकारी कचेरींत बसून त्यांनीं सहा आंकड्यांची एक योजना आंखली, एवढेंच. परंतु ते सहा आंकडे आज शाळेच्या प्रवेशअर्जावर, बँकेच्या पुस्तकावर, आधार कार्डावर आणि पोस्टकार्डावर कोट्यवधि हात रोज लिहीत आहेत. लिहिणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस हे आंकडे कोणाच्या बुद्धींतून निघाले हें ठाऊक असतें. त्या गृहस्थांचें नांव श्रीराम भिकाजी वेलणकर.

वेलणकरांचा जन्म १९१५ सालीं झाला. त्यांचें घराणें कोंकणांतील, रत्नागिरी जिल्ह्यांतलें. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे डोंगर, समुद्र आणि टपाल यांच्या आधारावर जगणारा मुलूख होता, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. घरटीं एकतरी कर्ता पुरुष मुंबईस गिरणींत, पेढींत किंवा गोदींत नोकरीस असावयाचा आणि मागें राहिलेल्या माणसांनीं त्याच्या पत्राची व मनिऑर्डरीची वाट पाहावयाची, ही तेथील रीतच होती. पत्र चुकलें तर म्हातारी आई रात्रभर जागत असे. मनिऑर्डर चुकली तर वाण्याची उधारी वाढत असे. ज्यास आपण टपाल म्हणतों तें कोंकणांतील घरांस दाणापाण्याइतकेंच महत्त्वाचें होतें. अशा जिल्ह्यांत जन्मलेल्या माणसाच्या हातून पुढें सबंध देशाच्या टपालाची घडी बसावी, हा योग आम्हांस लक्षांत ठेवण्याजोगा वाटतो.

वेलणकरांचीं दोन आयुष्यें होतीं असें म्हणतां येईल. एक टपाल-तार खात्यांतील अधिकाऱ्याचें आणि दुसरें संस्कृत कवीचें. नोकरींत ते चढत चढत केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयांत अतिरिक्त सचिव आणि टपाल-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य झाले. इकडे संस्कृतांत त्यांनीं काव्यें रचलीं, नाटकें लिहिलीं. त्यांच्या नांवावर शंभराहून अधिक पुस्तकें व नाटकें सांगितलीं जातात. कवि कालिदासाच्या जीवनावरील त्यांचें संस्कृत नाटक अभ्यासकांस परिचित आहे. मुंबईंत संस्कृतप्रेमी मंडळींसाठीं त्यांनीं देववाणी मंदिरम् नांवाची संस्था स्थापन केली. दिवसा फायली आणि रात्रीं वृत्तें, असा हा दुहेरी संसार. कित्येकांस हीं दोन कामें एकमेकांपासून फार दूरचीं वाटतील. आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि कां वाटत नाहीं तें पुढें ओघानें येईलच.

वेलणकरांच्या कामाची थोरवी कळावयास त्यांच्या आधीं पत्र कसें जात असे हें आधीं पाहिलें पाहिजे. गांवच्या पेटींत टाकलेलें पत्र थैलींत भरून रेल्वे स्टेशनावर जाई. तेथून तें रेल्वे मेल सर्व्हिसच्या, म्हणजे लोक जीस आर. एम. एस. म्हणतात तिच्या, डब्यांत चढे. धांवत्या गाडींत दिव्याच्या उजेडांत उभे राहून सॉर्टर लोक एकेक पत्र हातीं घेत, पत्ता वाचीत आणि भिंतीवरील खणांपैकीं योग्य त्या खणांत टाकीत. कोणतें गांव कोणत्या मार्गावर आहे, कोणत्या स्टेशनावर त्याची थैली उतरावयाची, हें सर्व त्यांस तोंडपाठ असावें लागे. नोकरीच्या परीक्षेंतच त्यांच्या या स्मरणाची कसोटी लागत असे. अशा रीतीनें सबंध देशाचा नकाशा कांहीं हजार माणसांच्या डोक्यांत सांठविलेला होता.

ही व्यवस्था पत्रें थोडीं होतीं तोंवर चालली. देश स्वतंत्र झाला, शाळा वाढल्या, लिहितां-वाचतां येणारीं माणसें वाढलीं, नोकरीनिमित्त माणसें एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत जाऊं लागलीं आणि पत्रांचे डोंगर होऊं लागले. कोणी मराठींत पत्ता लिही, कोणी उर्दूंत, कोणी बंगालींत, कोणी तमिळमध्यें. मराठी जाणणाऱ्या सॉर्टरास तमिळ अक्षर कसें वाचावें? आणि अक्षर कळलें तरी दुसरी मोठी अडचण उभीच होती. ती म्हणजे एकाच नांवाचीं अनेक गांवें.

या अडचणीचें उदाहरण शोधावयास आम्हांस दूर जावयास नको. नांदेड जिल्ह्यांतील आमचें हिमायतनगर, ज्यास जुनीं माणसें वाढोणा म्हणतात आणि ज्याची श्री परमेश्वराची यात्रा महाशिवरात्रीस सर्वत्र गाजते, तें एक. दुसरें हिमायतनगर हैदराबाद शहरांत आहे, आणि तें शहराच्या भरवस्तींतलें. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांतच होता. त्या राज्याचें टपाल खातें निराळें, तिकिटें निराळीं, आणि तें १९५० सालीं भारताच्या टपाल खात्यांत मिसळलें. तेव्हां दूर कलकत्त्याच्या किंवा दिल्लीच्या सॉर्टरानें पाकिटावर नुसतें हिमायतनगर एवढेंच वाचून तें हैदराबादच्या खणांत टाकिलें, तर त्यास दोष कसा द्यावा? तसेंच औरंगाबाद. ज्या शहरास २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर म्हणतात, त्याचें जुनें नांव धारण करणारें एक औरंगाबाद बिहारांतही आहे. पुढें प्रांतरचना झाली, मराठवाडा प्रथम द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. पत्ते लिहिणाऱ्यांच्या संवयी मात्र एका दिवसांत बदलल्या नाहींत.

आमच्या बालवाचकांस वाटेल, पत्र चार दिवस उशिरां आलें तर काय मोठेंसें बिघडलें? पण नोकरीच्या मुलाखतीचें बोलावणें मुलाखत झाल्यावर येऊन काय उपयोगाचें? परीक्षेचें प्रवेशपत्र परीक्षेनंतर, आजाऱ्याची खबर तो गेल्यावर, आणि बियाण्यासाठीं धाडलेले पैसे पेरणी उलटल्यावर हातीं पडले तर त्यांची किंमत काय? आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखांत मृगाचा पाऊस कोणाच्या मनिऑर्डरीसाठीं थांबत नसतो. पत्ता ही कागदावरची एक ओळ खरी, परंतु तिच्यावर कोणाचें ना कोणाचें वर्ष अवलंबून असतें. ज्या पत्रांस धनी सांपडत नसे, त्यांच्यासाठीं टपाल खात्यास निराळी कचेरी ठेवावी लागे, यावरून या चुकांची व्याप्ति ध्यानांत येईल.

हा रोग एकट्या हिंदुस्थानासच जडला होता असें नव्हे. इंग्लंडांत १९५९ सालीं नॉरिच शहरीं पत्त्यास सांकेतिक अक्षरें-आंकडे जोडण्याचा प्रयोग झाला. अमेरिकेंत १९६३ सालीं पांच आंकड्यांचा झिप कोड सुरू झाला. आपल्याकडेही मोठ्या शहरांत कांहीं अंक रूढ होतेच. जुनीं मराठी पुस्तकें उघडून पाहा. प्रकाशकाच्या पत्त्याखालीं मुंबई ४ किंवा पुणें ३० असें छापलेलें दिसेल. परंतु हे अंक त्या त्या शहरापुरतेच होते. खेड्यास अंक नव्हता, आणि सर्व देशास एका सूत्रांत ओंवणारी योजना नव्हती. तें सूत्र ओंवण्याचें काम वेलणकरांच्या हातून झालें.

त्यांच्या योजनेस पोस्टल इंडेक्स नंबर, म्हणजेच पिन, असें नांव मिळालें आणि स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशीं, १५ ऑगस्ट १९७२ रोजीं, ती देशांत लागू झाली. योजना ऐकावयास अगदीं सोपी. देशाचे आठ भूभाग पाडले आणि प्रत्येकास एकेक अंक दिला. नववा अंक सैन्याच्या टपालासाठीं राखिला. पहिल्या अंकावरून भूभाग, दुसऱ्यावरून त्यांतला उपविभाग आणि तिसऱ्यावरून पत्रांची छाननी करणारा जिल्हा-गट कळावयाचा. शेवटचे तीन अंक म्हणजे ज्या कचेरींतून पोस्टमन बाहेर पडतो ती कचेरी. एकूण सहा. सहांहून कमी घेतले असते तर देश मावला नसता, आणि जास्त घेतले असते तर माणसाच्या ध्यानांत राहिले नसते. आज सुमारे १९ हजार पिन दीड लाखांहून अधिक टपालकचेऱ्यांस पुरे पडतात, त्या अर्थीं मोजमाप किती नेमकें होतें हें उघड आहे.

आतां आमच्या हिमायतनगराचा पिन घेऊं. तो ४३१८०२. पहिला ४ पाहतांच देशांतील कोणताही सॉर्टर, त्यास मराठीचें एक अक्षर येत नसलें तरी, जाणतो कीं हें पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या बाजूस जावयाचें. ४३ म्हटलें कीं मराठवाड्याची दिशा ठरली. ४३१ म्हटलें कीं गट ठरला. याच गटांत छत्रपति संभाजीनगर, जालना, परभणी आणि नांदेडही येतात. आणि शेवटचे ८०२ हे आमच्या कचेरीचे. हैदराबादच्या हिमायतनगराचा पिन ५०००२९. पहिलाच अंक निराळा! ज्या दोन गांवांचीं नांवें अक्षरशः एक, त्यांची फारकत पहिल्याच अंकाशीं झाली. बिहारच्या औरंगाबादचा पिन ८ नें आरंभ होतो. त्याचाही घोटाळा तेथेंच मिटला. जुन्या मुंबई ४ चे ४००००४ झाले आणि पुणें ३० चे ४११०३०. लोकांच्या जिभेवर बसलेला जुना अंक मोडून न टाकतां वेलणकरांच्या योजनेनें त्यास नव्या संख्येच्या शेवटीं अलगद बसविलें. सुधारणा करणाऱ्यानें जुन्याशीं कसें वागावें याचा हा एक धडाच आहे.

परंतु या योजनेचें खरें मर्म आंकड्यांत नाहीं. तें कामाच्या वांटणींत आहे. कलकत्त्याच्या सॉर्टरानें फक्त पहिला एक-दोन आंकडे पाहावे आणि थैली पश्चिमेस सोडावी. आमच्या गल्लीबोळांची माहिती त्यास असण्याचें कारण नाहीं. मधल्या ठाण्यावरच्या माणसानें तिसरा आंकडा पाहावा. जिल्ह्याच्या ठिकाणीं शेवटचे तीन पाहावे. आणि पत्र कोणाचें, बापाचें कीं लेकाचें, हा विचार फक्त हिमायतनगरच्या पोस्टमननें करावा, कारण माणसें ओळखतो तो तोच. प्रत्येकानें आपल्या वांट्याचें तेवढेंच वाचावें आणि पुढच्यावर विश्वास ठेवून पत्र पुढें द्यावें. पूर्वीं एकेका डोक्यांत सबंध देश बसवावा लागे. आतां देशच सहा आंकड्यांत बसला.

आमच्या मनांत येतें कीं अशी योजना संस्कृत वृत्तें रचणाऱ्यासच सुचावी. वृत्तांत अक्षराचें मोल त्याच्या जागेवरून ठरतें. तेंच लघु अक्षर एका जागीं शोभतें व दुसऱ्या जागीं ओळ मोडतें. पिनमध्येंही तसेंच. लातूर शहराचा पिन ४१३५१२ आहे. त्यांतील दुसऱ्या-तिसऱ्या आंकड्यांची अदलाबदल करा. ४३१ झाले आणि पत्र सोलापूर-लातूरचा गट सोडून नांदेड-परभणीच्या गटाकडे वळलें! आंकडे तेच, बेरीज तीच, पण जागा बदलली आणि जिल्हा बदलला. नांदेड व लातूर या शेजारच्या जिल्ह्यांत नातींगोतीं असणाऱ्या आमच्या वाचकांनीं ही गोष्ट मुद्दाम लक्षांत ठेवावी. सुदैवानें पाकिटावर गांवाचें नांवही असतें, आणि कोणी दक्ष सॉर्टर तें वाचून चूक सुधारतो. माणसाच्या हातीं असलेल्या कामांत क्षमेस अशी थोडी जागा असते.

पिन सुरू झाल्यानंतर वेलणकर फार काळ नोकरींत राहिले नाहींत. १९७३ सालीं नवी दिल्ली येथें तिकिटांचें जागतिक प्रदर्शन भरलें. त्याचें अध्यक्षपद त्यांनीं सांभाळलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १९७३ रोजीं, ते सेवेंतून निवृत्त झाले. पुढलीं पंचवीस वर्षें त्यांनीं संस्कृताच्या सेवेंत घालविलीं. १९९६ सालीं राष्ट्रपतींचा संस्कृत पंडितांसाठीं असलेला सन्मान त्यांस मिळाला. तो मिळाला संस्कृतासाठीं, पिनसाठीं नव्हे. १९९९ सालीं त्यांचें देहावसान झालें. त्याआधीं, १९९३ सालीं, मुंबईस पत्रें आपोआप निवडणारें यंत्र बसलें होतें. हातानें छाननी करणाऱ्या माणसांसाठीं आंखलेले सहा आंकडे यंत्रासही तसेच्या तसे उपयोगीं पडले. जी योजना मुळांत स्वच्छ असते ती साधनें बदललीं तरी टिकते.

आतां कोणी म्हणेल, हल्लीं पत्रें लिहितो कोण? मुलें तर ई-मेलनें अर्ज करितात. खरें आहे, आणि म्हणूनच वेलणकरांचें चरित्र आज अधिक वाचण्याजोगें झालें आहे. ज्या सुमारास ते आपली योजना आंखीत होते, त्याच सुमारास, १९७१ सालीं, अमेरिकेंत रे टॉमलिन्सन नांवाच्या अभियंत्यानें एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाळ्यामार्फत पहिला ई-मेल धाडला आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें ॲट हें चिन्ह ठेविलें. आरंभीं यंत्रें थोडीं होतीं. त्या सर्वांच्या नांवांची एकच यादी एका संस्थेंत ठेवीत आणि बाकीचे तिची नक्कल उतरून घेत. पुढें यंत्रें वाढलीं, यादी फुगली, आणि एकच नांव दोघांनीं घेऊं नये याची काळजी करतां करतां मंडळी थकली. आर. एम. एस.च्या सॉर्टरांची जी अडचण तीच ही. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं जॉन पोस्टेल यांच्या सहकार्यानें त्यावर डोमेन नांवांची पद्धति काढली. वेलणकर आणि हे परदेशी विद्वान यांचा परस्परांशीं संबंध आल्याचें आम्ही कोठें वाचलेलें नाहीं. पण प्रश्न एकच असला म्हणजे उत्तरेंही एकमेकांचीं भावंडें निघतात.

ई-मेलच्या पत्त्यांत ॲटच्या पुढचा जो भाग तें डोमेन नांव. तें उजवीकडून डावीकडे वाचावयाचें, म्हणजे आपल्या पाकिटावर जसें आपण नांव, गांव, तालुका, जिल्हा, राज्य असें खालीं खालीं मोठें होत जाणारें लिहितों, तसेंच. नांदेड जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळाचें नांव पाहा : नांदेड, मग बिंदु, मग गव्ह, मग बिंदु, मग इन. शेवटचें इन म्हणजे भारत. गव्ह म्हणजे सरकार. आणि नांदेड म्हणजे आपला जिल्हा. असें नांव शोधूं लागलेलें यंत्र प्रथम मुळाशीं जाऊन इन कोणाच्या ताब्यांत आहे हें विचारतें. तेथें गव्हचा ठावठिकाणा मिळतो, आणि तेथें नांदेडचा. ई-मेल असेल तर त्या डोमेनचें टपाल कोणतें यंत्र घेतें हेंही त्या नोंदींत लिहिलेलें असतें. प्रत्येकास फक्त आपल्या खालची पायरी ठाऊक. सगळें जग कोणासच पाठ नाहीं. ॲटच्या आधींचा भाग मात्र शेवटच्या यंत्रासाठीं. वाटेवरच्या कोणीं त्याचा अर्थ लावूं नये कीं त्यांत फेरफार करूं नये. गांवचा पोस्टमनच माणसें ओळखतो, हाच येथेंही नियम.

यावरून पत्ता लिहिण्याचे नियम आपोआप निघतात. डोमेन नांवांत इंग्रजी मोठें अक्षर व लहान अक्षर यांत भेद नाहीं. पण ॲटच्या आधींचा भाग समोरच्यानें जसा दिला तसाच ठेवावा. पत्त्यांत मोकळी जागा सोडूं नये. बिंदूच्या जागीं स्वल्पविराम पडूं देऊं नये. शेवटचा तुकडा, तो कॉम असो, ऑर्ग असो कीं इन असो, अंदाजानें कधींही लिहूं नये; कॉमनंतर इन नसतांना तें जोडणें किंवा असतांना गाळणें म्हणजे पत्र दुसऱ्या देशीं धाडणें होय. आणि डोमेन बरोबर असलें म्हणून माणूस सांपडेलच असें नाहीं. पिन बरोबर असूनही घरांत त्या नांवाचा कोणी नसूं शकतो. म्हणून दोन्ही भाग तपासावे.

या बाबतींत ई-मेल टपालाहून कठोर आहे, हें वडील मंडळींनींही ध्यानांत घ्यावें. पिन चुकला तर गांवाचें नांव वाचून सुधारणारा माणूस असतो. डोमेन चुकलें तर सुधारणारा कोणी नाहीं. यंत्र तर्क लढवीत नाहीं. लिहिलेलें डोमेन जगांत कोठेंच नसलें तर पत्र परत तरी येतें. पण चुकलेलें डोमेन दुसऱ्या कोणाचें असलें तर पत्र परतही येत नाहीं. तें मुकाट्यानें परक्याच्या दारीं जाऊन पडतें, आणि धाडणारा उत्तराची वाट पाहत बसतो. अमेरिकेच्या सैन्याच्या पत्त्यांचा शेवट मिल असा होतो, आणि आफ्रिकेंतील माली देशाच्या पत्त्यांचा एम-एल असा. इंग्रजी लिपींत या दोहोंत फक्त एका आय अक्षराचें अंतर. तें अक्षर गाळल्यामुळें अमेरिकी सैन्याच्या नांवें लिहिलेलीं लक्षावधि पत्रें मालीच्या डोमेनकडे जात राहिलीं, ही गोष्ट २०२३ सालीं जगांतील वृत्तपत्रांनीं उजेडांत आणिली. एवढ्या बलाढ्य सैन्याची जी गति, ती आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची व्हावयास किती वेळ?

एक समाधानाची गोष्टही सांगितली पाहिजे. वेलणकरांपुढें अनेक लिप्यांचा जो प्रश्न होता, तो त्यांनीं सर्वांस समान असलेल्या आंकड्यांनीं सोडविला. डोमेन नांवें मात्र दीर्घकाळ इंग्रजी अक्षरांतच लिहावीं लागत. ऑगस्ट २०१४ मध्यें देवनागरी लिपींतील भारत हा डोमेनचा शेवट सुरू झाला, आणि आपली मराठीही त्यांत आली. आतां मराठी नांवाचें डोमेन घेतां येतें. सर्वच ठिकाणचीं यंत्रें असे पत्ते अद्यापि नीट स्वीकारीत नाहींत. पण ज्यांस यंत्रविद्येची आवड आहे अशा आमच्या विद्यार्थ्यांसाठीं हें काम पडलेलें आहे. इकडे टपाल खात्यानेंही २०२५ सालीं डिजिपिन नांवाची दहा अक्षरांची नवी पद्धति काढली असून तीत देशाची सर्व भूमि सुमारें चार मीटरांच्या चौकोनांत विभागिली आहे. वेलणकरांचे सहा आंकडे कचेरीपर्यंत नेतात. हीं दहा अक्षरें उंबरठ्यापर्यंत नेऊं पाहतात. मोठ्यापासून लहानाकडे पायरीपायरीनें उतरण्याची रीत मात्र तीच आहे.

वेलणकरांच्या चरित्रावरून आमच्या मित्रांनीं काय घ्यावें? आम्हांस वाटतें, दोन गोष्टी. पहिली ही कीं विद्वत्ता आणि रोजची चाकरी यांचें वैर नाहीं. कविता रचणारा माणूस कचेरींतही नीटनेटकेपणानें विचार करूं शकतो, आणि त्याचा लाभ ज्यांनीं त्याची कविता कधीं ऐकली नाहीं अशा कोट्यवधि लोकांस होतो. दुसरी गोष्ट ही कीं पत्ता लिहिणें हें समोरच्या माणसाविषयींचें आपलें पहिलें कर्तव्य आहे. मजकूर कितीही सुंदर असो, तो ज्याच्यासाठीं आहे त्याच्या हातीं पडला नाहीं तर तो नसल्यासारखाच. म्हणून यापुढें पिनचे सहा आंकडे सहा चौकटींत लिहितांना, किंवा ॲटच्या पुढचीं अक्षरें उमटवितांना, धाडण्यापूर्वीं एकदां थांबून तीं उजवीकडून डावीकडे पुन्हा वाचावीं. वाटेवरचीं किती माणसें व किती यंत्रें आपल्या त्या एका ओळीवर विश्वास ठेवणार आहेत, हें ज्यानें ओळखलें त्यानें वेलणकरांचें ऋण थोडेंबहुत फेडलें असें आम्ही समजूं.